बाटलीतला नेरीस आणि चिखलातला नेरीस

विदर्भात कुठल्याही कॉलेजातून बीएस्सी झूलॉजी केलेल्या माणसाला विचारा, नेरीस त्याला माहीत असतोच. फॉर्मॅलिनच्या उभ्या बाटलीत काचेच्या पट्टीला दोऱ्याने बांधलेला, रंग उडून पिवळट पांढरा पडलेला एक लांब किडा, अंगाच्या दोन्ही बाजूंना छोटे छोटे पाय. शेजारच्या बाटल्यांमध्ये ॲफ्रोडाइट, कीटॉप्टेरस, अरेनिकोला, एखाद्या जुन्या डिपार्टमेंटमध्ये टेरेबेला नि सॅबेला पण. रेकॉर्डबुकात प्रत्येकाची पेन्सिलने आकृती, बाजूला वर्गीकरण, खाली चार मुद्दे, स्पॉटिंगला आला तर ओळखायचा आणि मार्क घ्यायचे, विषय संपला. मी नागपुरात बरीच वर्षं हेच शिकवत आलेय आणि दरवर्षी पोट्टे हेच समजून बाहेर पडतात की पॉलिकीट, म्हणजे समुद्रातले हे रिंगांच्या अंगाचे किडे, बाटलीतले चार-पाच नमुने, पाठ करायचे नि विसरायचे.

मला हे मनापासून खटकतं. कारण जगातल्या कुठल्याही समुद्राच्या तळातून थोडा चिखल उचला, अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुवा, आणि चाळणीवर जे जीव उरतील ते मोजा, बहुतेक ठिकाणी पहिला नंबर पॉलिकीटांचाच असतो, संख्येने पण आणि प्रजातींनी पण. किनाऱ्यावरच्या वाळूपासून ते हजारो मीटर खोल काळोखापर्यंत. आतापर्यंत ११,००० च्या वर प्रजातींना नावं दिली गेलीयत आणि दरवर्षी नव्या सापडूनच राहिल्या. मिलिमीटरपेक्षा लहान, वाळूच्या दोन कणांच्या मधल्या फटीत राहणारे पण आहेत आणि ऑस्ट्रेलियाकडच्या समुद्रात वाळूत दबा धरून बसणारा, तीन मीटरपर्यंत वाढणारा युनिस पण आहे. एवढा मोठा पसारा आपण पाच बाटल्यांत बसवतो, आणि त्या बाटल्यांमधून एक गोष्ट काही केल्या कळत नाही ती म्हणजे हे प्राणी तिथे करतात काय. मला आज त्याबद्दलच लिहायचंय.

आधी नात्याचं सांगते, कारण वर्गात यावरच सगळ्यात जास्त गोंधळ असतो. आपण शिकवतो की ॲनेलिडामध्ये, म्हणजे रिंगांच्या किड्यांच्या संघात, तीन गट, पॉलिकीट समुद्रातले, गांडुळं जमिनीतली, जळवा तिसऱ्या. जणू तीन वेगळी घरं. पण जनुकांवरून जी वंशावळ मांडली गेली, म्हणजे २०११ साली श्ट्रुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये छापलेली आणि त्यानंतरच्या पण, त्यात गांडुळं आणि जळवा या पॉलिकीटांच्या झाडावरचीच एक फांदी आहे असं दिसतं, तेही एका जागी बसून राहणाऱ्या पॉलिकीटांच्या बाजूची फांदी. म्हणजे काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या बागेत जे गांडूळखत टाकतात, ते तयार करणारं गांडूळ समुद्रातून गोड्या पाण्यात नि तिथून जमिनीत आलेल्या पॉलिकीटाचंच वंशज. समुद्र आपल्यापासून समृद्धी महामार्गाने गेलं तरी ७०१ किलोमीटर लांब आहे, पण हा प्राणीगट आपल्या वाफ्यात येऊन बसलेला आहे.

आता नेरीस. बाटलीतला पांढरा, पण जिवंत असताना तो हिरवट तपकिरी, तांबूस, वरून उजेड पडला की अंगावर इंद्रधनुषी झाक, आणि पाठीवरच्या पातळ कातडीतून लाल रक्तवाहिनी मागून पुढे धडधडताना सरळ डोळ्यांना दिसते. सगळं शरीर रिंगांचं, प्रत्येक रिंगेला पायांची एक जोडी, त्या पायांत कायटिनच्या बारीक काड्यांचे झुबके. याच पायांनी तो चालतो, पोहतो, बिळात पाणी खेळवतो आणि श्वासही घेतो. घसा उलटा करून बाहेर काढतो तेव्हा टोकाला दोन वाकडे जबडे दिसतात, त्यांना कडकपणा यावा म्हणून त्यात झिंक साठवलेलं असतं. त्याचा एक नातेवाईक ग्लायसेरा, तो तर जबड्यात तांबं साठवतो आणि त्या जबड्यांना विषाची ग्रंथी जोडलेली असते. प्राण्याने जबड्यात तांब्याचं खनिज घालून ठेवावं हे मला आजही वाचताना तेवढंच थक्क करतं.

पण नेरीसची खरी गोष्ट बाजूच्या बाटलीत असते, जिच्यावर ‘हेटेरोनेरीस’ लिहिलेलं असतं आणि जिच्याकडे कोणी बघत नाही. आयुष्यभर चिखलात राहिलेला हा किडा वयात आला की शरीरच बदलतो. मेंदूतून एक हार्मोन येत असतं तोवर तो नुसता वाढत राहतो, ते कमी झालं की डोळे मोठे होतात, मागच्या अर्ध्या अंगावरचे पाय रुंद होऊन वल्ह्यासारखे पसरतात, आतडं निकामी होऊन आक्रसतं कारण आता जेवायचं नाहीच, आणि मग ठराविक रात्री हे सगळे एकदम बिळं सोडून वर पृष्ठभागावर येतात, नर मादीभोवती गोल गोल पोहतात, अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडतात आणि मरतात. ही रात्र कोण ठरवतं तर चंद्र. प्लॅटिनेरीस नावाच्या जातीवर कार्ल हाउएनशिल्ड यांनी जर्मनीत गेल्या शतकाच्या मध्याला प्रयोग केले, प्रयोगशाळेत समुद्र नाही, भरती-ओहोटी नाही, नुसता रात्री काही दिवस मंद दिवा लावून ठेवायचा, आणि किड्यांनी त्या दिव्यालाच चंद्र धरून आपलं वेळापत्रक लावून घेतलं. हा किडा आज जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये पाळला जातो ते थोडंफार याच कामामुळे.

सामोआमध्ये पालोलो म्हणून याच प्रकारची एक जात आहे, ती पूर्ण किडा पाठवत नाही. किडा स्वतः प्रवाळाच्या खडकात डोकं खुपसून बसून राहतो, मागच्या भागात अंडी किंवा शुक्राणू भरतात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चंद्र उतरणीला अर्धा राहिला की, आपल्या पंचांगाप्रमाणे वद्य अष्टमीच्या आसपास, पहाटेच्या आधी तो मागचा भाग तुटून एकटाच पोहत वर येतो. लाखो शेपट्या, पाणी दाट होऊन जातं. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या ही तिथी धरून जाळ्या घेऊन पाण्यात उतरतात, कच्चे पण खातात, तळून पण, त्यांचा तो सणच असतो. आणि खडकातला किडा मागचा भाग पुन्हा वाढवतो. हे वर्गात सांगितलं की मागच्या बेंचवरचे पण मान वर करतात, असं माझं निरीक्षण आहे, मग सिलॅबसमध्ये हे का नाही?

कीटॉप्टेरस बाटलीत बघितला तर तीन वेगवेगळे प्राणी एकमेकांना चिकटवल्यासारखा विचित्र दिसतो आणि पोट्टे हसतात. तो विचित्र आहे कारण तो कधी बाहेर येतच नाही. चिखलात यू आकाराची कागदी नळी करून त्यात राहतो. अंगाच्या मधल्या भागात तीन पंखे आहेत, ते हलवून तो नळीतून पाणी ओढतो, पुढच्या बाजूला श्लेष्माची एक जाळीदार पिशवी विणतो, पाण्यातले बारीक कण त्यात अडकतात, पिशवी भरली की तिचा गोळा करून तोंडाकडे सरकवतो आणि खातो, लगेच दुसरी पिशवी सुरू. आणि नळीच्या आत, जिथे कोणी बघणार नाही अशा ठिकाणी, हा प्राणी निळ्या उजेडाने चमकतो. त्याच्या नळीत खेकड्याची एखादी छोटी जोडीही भाड्याशिवाय राहत असते. ॲफ्रोडाइटचं पण तसंच, बाटलीत मळकट लोकरीचा गोळा, पण त्याच्या कडेचे केस जिवंतपणी लाल, हिरवे, निळे चमकतात आणि त्यात रंगद्रव्य अजिबात नसतं, केसाच्या आतल्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्यांच्या रचनेमुळे प्रकाशच तसा परततो. टोमोप्टेरिस हा उघड्या पाण्यात पोहणारा, काचेसारखा पारदर्शक, त्याच्या काही जाती पिवळा प्रकाश सोडतात, समुद्रातल्या बहुतेक जिवांचा प्रकाश निळा-हिरवा असताना.

आता अरेनिकोलावर मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या मते सगळ्या बाटल्यांमध्ये सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे आणि दिसायला सगळ्यात साधा.

समुद्रकाठच्या चिखलात वरचे काही मिलिमीटर सोडले तर खाली ऑक्सिजन जवळजवळ नसतो. वरून मेलेले जीव, कुजका पाला, शेवाळ पडत राहतं, जिवाणू ते कुजवतात, ऑक्सिजन संपतो, मग समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरणारे जिवाणू काम सुरू करतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतं. काळा चिखल आणि सडक्या अंड्याचा वास. हे विष आहे, त्यात बहुतेक प्राणी जगू शकत नाहीत. अशा ठिकाणी अरेनिकोला बीळ करतो, एका टोकाला वाळू गिळतो, त्यातलं खाण्यासारखं पचवतो, आणि उरलेली वाळू दुसऱ्या टोकाने पृष्ठभागावर वेटोळं करून टाकतो. सोबत अंग आक्रसून-फुगवून बिळातून सतत पाणी पंप करत राहतो, श्वासासाठी. त्याच्या स्वतःच्या श्वासासाठी केलेल्या या खटाटोपात बिळाच्या भिंतीपर्यंत ऑक्सिजन पोचतो, काळ्या चिखलात बिळाभोवती तपकिरी तांबूस कडं तयार होतं, ते गंजलेल्या लोखंडाचं. त्या कड्यात एक प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात आणि कड्याच्या लगेच पलीकडे, जिथे ऑक्सिजन नाही, तिथे दुसरे जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. म्हणजे आपण शेतातून, गटारातून समुद्रात जो जास्तीचा नायट्रोजन लोटतो त्यातला काही भाग या बिळांच्या भिंतींवर हवेत परत जातो. एकट्या किड्याचं काम काहीच नाही, पण किनारेच्या किनारे असे किडे भरलेले असतात, आणि नेरीस, टेरेबेला, कितीतरी बारीक जाती हेच काम वेगवेगळ्या खोलीवर करत असतात. गांडुळं शेत भुसभुशीत करतात हे आपल्याकडे शाळेतल्या पोराला पण माहीत आहे, डार्विनने १८८१ साली त्यावर पुस्तक लिहिलं, पण तेच काम समुद्रात कितीतरी मोठ्या प्रमाणावर चालतं ते आपल्या मनातच येत नाही.

अरेनिकोलाच्या रक्ताबद्दल पण सांगायलाच पाहिजे. आपलं हिमोग्लोबिन लाल पेशींच्या आत असतं आणि एक रेणू ऑक्सिजनचे ४ रेणू धरतो. याचं हिमोग्लोबिन पेशीत नसतं, सरळ रक्तात विरघळलेलं असतं, आणि एक प्रचंड रेणू ऑक्सिजनचे १५६ रेणू धरू शकतो. ओहोटीत पाणी गेलं की कित्येक तास त्याला तसंच काढायचं असतं ना, म्हणून. फ्रान्समधले फ्रांक झाल यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं आणि आता या किड्याच्या हिमोग्लोबिनचा वापर प्रत्यारोपणासाठी काढलेल्या किडन्या साठवण्याच्या द्रावणात करण्यापर्यंत गोष्ट पोचलीय. जी बाटली आपण स्पॉटिंगला ठेवतो त्या बाटलीतला किडा.

चिखल बिघडला की हे किडेच आधी सांगतात, आणि हा भाग नागपूरसाठी मला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण पाण्याच्या प्रदूषणावर देशपातळीवर काम करणारी नीरी आपल्या शहरात आहे आणि आपल्याकडच्या झूलॉजीच्या कितीतरी मुली-मुलांना पुढे असल्याच प्रोजेक्टमध्ये काम मिळतं. १९७८ साली पियर्सन आणि रोझेनबर्ग या दोघांनी एक चित्र मांडलं जे आजही तसंच वापरलं जातं. समुद्रात घाण सोडणारा एक पाइप आहे असं धरा. तोंडाशी काहीच जिवंत नाही. थोडं लांब गेलं की अचानक किड्यांची झुंबड, पण सगळे एकाच-दोन जातींचे, छोटे, लाल, बारीक, आणि त्यात हमखास कॅपिटेला. आणखी लांब गेलं की संख्या उतरते पण जाती वाढतात, मोठे, खोल बीळ करणारे, जास्त वर्षं जगणारे दिसायला लागतात. म्हणजे चिखलात खूप किडे सापडले म्हणून चिखल चांगला असं अजिबात नाही, कोण सापडले ते बघायचं. पाण्याचा नमुना त्या क्षणाचं सांगतो, काल रात्री काय सोडलं ते भरतीबरोबर निघून गेलेलं असतं, पण किडा पळून जाऊ शकत नाही, तो गेले कित्येक महिने तिथेच आहे. पुढे २००० साली स्पेनच्या आन्हेल बोर्हा आणि सहकाऱ्यांनी याच कल्पनेवर जातींचे पाच गट पाडून निर्देशांक केला, अगदी नाजूक ते अगदी निबर, आणि आता जगभर खाड्यांचे रिपोर्ट त्यावर निघतात.

माझी एक जुनी विद्यार्थिनी सध्या मुंबईकडे खाडीच्या चिखलावर काम करते. दिवाळीला विदर्भ एक्सप्रेसने घरी आली तेव्हा पर्समध्ये दोन छोट्या व्हायल घेऊन मला भेटायला आली, रोझ बेंगालने गुलाबी रंगवलेले किडे. चिखल ग्रॅबने काढायचा, चाळायचा, फॉर्मॅलिनमध्ये टाकायचा, हा रंग घालायचा म्हणजे मातीत जीव उठून दिसतात, मग सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने एकेक उचलायचा. म्हणाली, ‘मॅडम, आतल्या बाजूच्या नमुन्यात दोन-तीनच जाती, पण मोजता मोजता मान मोडून जाते, आणि बाहेर तोंडाकडे आलं की मोजणं सोपं पण ओळखणं कठीण, प्रत्येक जण वेगळा.’ पियर्सन-रोझेनबर्गचं अख्खं चित्र तिने एका वाक्यात सांगून टाकलं, मला खूप भरून आलं.

आणि हे फक्त मुंबईचं नाही. आपली नाग नदी लावा गावाजवळच्या टेकड्यांतून निघते, अंबाझरीपासून शहरभर आपलं सांडपाणी गोळा करत कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा-वर्धा मिळून प्राणहिता, ती सिरोंच्याजवळ गोदावरीला, आणि गोदावरी काकिनाडा-राजमहेंद्रीच्या पुढे बंगालच्या उपसागराला. वाटेत गोसीखुर्द आहे, कितीतरी बंधारे आहेत, घाण तशीच्या तशी पोचत नाही हे मान्य, पण आपला समुद्र कुठला असं कोणी विचारलं तर पाण्याच्या हिशोबाने नागपूरचा समुद्र पूर्वेकडचा आहे, गोदावरीच्या मुखाचा, तिथल्या कोरिंगाच्या खारफुटीचा चिखल हा आपल्या नकाशावरचा चिखल आहे. नागच्या पात्रातल्या काळ्या गाळात पॉलिकीट नाहीत, पण तिथे कॅपिटेलाचं काम करणारा ट्युबिफेक्स असतो, घरी फिशटँक असलेल्यांना तो माहीत असेल, दुकानात लाल गुंतवळ मिळते ती. तोही ॲनेलिडच. ज्या मुलांना समुद्र बघायला मिळत नाही त्यांना मी सांगते की संगमाच्या वर आणि खाली, स्वच्छ ओढ्यात आणि नाल्यात चाळणी लावून बघा, हेच गणित दिसेल.

भोईपुऱ्यातल्या मासळी बाजारात जे झिंगे येतात त्यातले आंध्रच्या शेततळ्यांतले पण असतात, त्यांचा पण या किड्यांशी संबंध आहे. कोळंबीच्या हॅचरीत मादीला अंडी चांगली धरावीत म्हणून जिवंत पॉलिकीट खाऊ घालतात, कारण त्यांच्या अंगातली स्निग्धाम्लं तशी दुसऱ्या खाद्यात मिळत नाहीत. हे किडे किनाऱ्यावरून खणून आणतात. त्यात दोन अडचणी, एक तर खणून खणून किनारे रिकामे होतात, आणि दुसरं म्हणजे कोळंबीच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा विषाणू या किड्यांतून हॅचरीत शिरू शकतो. म्हणून आता रोगमुक्त किडे टाकीत वाढवण्याकडे कल आहे, आणि मला वाटतं ज्या मुलांना झूलॉजीनंतर काय असा प्रश्न पडतो त्यांनी इकडे जरूर बघावं. लेप्यासारखे तळाशी चिकटून राहणारे मासे तर समुद्रात मोठ्या प्रमाणात पॉलिकीटच खाऊन जगतात.

खोल समुद्राबद्दल लिहायला बसले तर हा ब्लॉग संपणार नाही, त्यामुळे एकच. १९७७ साली गॅलापागोसजवळ ॲल्विन पाणबुडीला तळातून निघणाऱ्या गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी पांढऱ्या नळ्यांतून लाल तुरे काढलेले दोन-दोन मीटरचे किडे दिसले, रिफ्टिया. त्याला तोंड नाही, आतडं नाही, गुदद्वार नाही. इतका वेगळा की आधी त्याला ॲनेलिडांतून बाहेर काढून वेगळा संघच दिला, नंतर तो पॉलिकीटच निघाला. मग तो खातो काय? हार्वर्डमध्ये मेरेडिथ जोन्स व्याख्यान देत होते आणि त्यांनी सांगितलं की याच्या अंगात गंधकाचे स्फटिक सापडतात, तेव्हा कोलीन कॅव्हनॉ नावाची पीएचडीच्या पहिल्या वर्षाची मुलगी उठून उभी राहिली आणि म्हणाली की मग याच्या आत गंधकावर जगणारे जिवाणू असलेच पाहिजेत. तेच खरं निघालं, १९८१ साली तिचा पेपर आला. किड्याचं रक्त ऑक्सिजन आणि ते विषारी सल्फाइड दोन्ही एकाच वेळी आत नेतं, अंगातले जिवाणू त्यावर अन्न तयार करतात, आणि सूर्याशिवाय अख्खी वसाहत उभी राहते. वर्गात ‘प्रश्न विचारा’ म्हणून मी ओरडत असते तेव्हा मी हीच गोष्ट सांगते. त्याचाच नातेवाईक ओसेडॅक्स २००२ साली कॅलिफोर्नियाजवळ जवळपास २,९०० मीटर खोल, मेलेल्या देवमाशाच्या हाडांवर मिळाला, मादी हाडात आम्ल सोडून मुळं रुजवते आणि तिच्या नळीत डझनावारी सूक्ष्म नर राहतात. आपल्या देशाकडे पण मध्य हिंदी महासागरात धातूच्या गोट्यांसाठी ७५,००० चौरस किलोमीटरचा तळ राखून ठेवलेला आहे, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने (एनआयओ) १९९७ साली तिथे तळ मुद्दाम ढवळून काय होतं ते पाहिलं होतं. प्रशांत महासागरातल्या अशाच पट्ट्याबद्दल २०२३ साली जो हिशोब आला त्यात तिथल्या प्राण्यांच्या जवळपास ९० टक्के जातींना अजून नावच नाही, आणि या न ओळखलेल्यांत पॉलिकीट भरपूर. खोदकाम सुरू व्हायच्या आधी नाव तरी दिलं गेलं पाहिजे, एवढं माझं ठाम मत आहे.

नाव द्यायला माणूस लागतो आणि तिथेच आपण कमी पडतो. भारतातले पॉलिकीट ओळखायला सदर्न यांचं १९२१ सालचं चिल्का सरोवरावरचं काम आणि पिएर फोव्हेल यांचा १९५३ सालचा ग्रंथ आजही टेबलावर लागतात. दोन्ही अफाट कामं, पण त्या काळी भारतातल्या किड्याला युरोपातल्या किड्याचं नाव लावायची पद्धत होती, दिसायला सारखा ना, मग तोच. मार्फिसा सँग्विनिया ही इंग्लंडच्या किनाऱ्यावरून वर्णन केलेली जात जगभर सगळीकडे ‘सापडत’ होती, आता डीएनए आणि काड्यांचा बारीक अभ्यास केल्यावर ती अनेक वेगवेगळ्या जातींची गर्दी आहे हे समोर आलंय. कॅपिटेलाचं तर १९७६ सालीच ग्रासल दांपत्याने दाखवलं होतं की एक जात समजत होतो त्या किमान सहा आहेत, दिसायला सारख्या, पिल्लं वाढवायची तऱ्हा वेगळी. म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या याद्यांमधली कितीतरी नावं पुन्हा तपासायची आहेत. हे काम सूक्ष्मदर्शक, धीर आणि चांगला नमुना असला की नागपुरात बसून पण होतं, पॉलिकीट टॅक्सॉनॉमीला समुद्रकिनारी घर असावं लागत नाही.

सुट्टीत कोकणात जाणाऱ्यांसाठी शेवटी थोडं कामाचं. अमावस्या किंवा पौर्णिमेच्या एक-दोन दिवसांत जा, तेव्हा पाणी सगळ्यात लांब हटतं. ओहोटीच्या खालच्या वाळूत शिंपल्यांचे तुकडे, काड्या चिकटवलेली बोटभर नळी उभी दिसली तर तो बहुतेक डायोपॅट्रा. ओल्या वाळूवर शेवयांसारखी वेटोळी दिसतील, ती अरेनिकोलाचीच असतील असं नाही, बॅलॅनोग्लॉसस नावाचा वेगळाच एक प्राणी पण तशीच टाकतो, पण बारीक गोल गोळ्यांची नक्षी मात्र खेकड्याची, किड्याची नाही. घरी शोकेसमध्ये मागच्या ट्रिपचा शंख असेल तर तो उलटा करून बघा, त्यावर पांढऱ्या चुनखडीच्या वाकड्यातिकड्या बारीक नळ्या चिकटलेल्या असतात, त्या बहुतेक वेळा सर्पुलिड पॉलिकीटांची घरं असतात, तुमच्याकडे नागपुरात नमुना आहेच. खडकांकडे गेलात तर दगड उलटला की बघून झाल्यावर तसाच परत ठेवा, खालचे जीव उन्हात मरतात. आणि दगडाखाली पांढऱ्या केसांचे झुबके असलेला चपटा किडा दिसला तर हात लावू नका, तो फायरवर्म असू शकतो, त्याचे केस काचेच्या कुसळासारखे कातडीत घुसून आग होते. लागलेच तर चोळायचं नाही, चोळलं की आतच मोडतात, त्यावर चिकटपट्टी दाबून लावायची आणि ओढून काढायची, पोरांबरोबर जात असाल तर पिशवीत एक रोल असू द्या.